शिट्टी एकाची, नजर अनेकांची

रग्बी लीगचा सामना पाहताना मला चेंडूइतकाच रेफरीचा आवाज गुंतवून ठेवतो. ऑस्ट्रेलियातील एनआरएल (नॅशनल रग्बी लीग) असो की इंग्लंडमधील सुपर लीग, रेफरीच्या अंगावरच्या मायक्रोफोनमधून त्याचे बोलणे प्रेक्षकांपर्यंत पोहोचत असते. टॅकल, म्हणजे चेंडू नेणाऱ्याला पकडून थांबवणे, पूर्ण झाल्याची ‘हेल्ड’ अशी आरोळी, पकडणाऱ्याने हात काढावा म्हणून दिलेली ताकीद, बचावफळीने मागे सरकावे म्हणून दिलेला इशारा, शेवटचा टॅकल आल्याची आठवण, असे सगळे त्या एका आवाजात येते. त्या आवाजामागे आणखी काही आवाज असतात आणि ते आपल्याला फारसे ऐकू येत नाहीत. दोन्ही बाजूरेषांवर धावणारे टच जज आणि मैदानापासून दूर पडद्यांसमोर बसलेला व्हिडिओ रेफरी त्याच्या कानात बोलत असतात. सामना एकतर्फी झाला तर या संभाषणाकडे कोणाचे लक्षही जात नाही. फरक दोन गुणांचा आणि वेळ दोन मिनिटांचा उरला, की मात्र सगळा सामना त्या कानातल्या बोलण्यावर येऊन ठेपतो.

असे अटीतटीचे सामने जितके बारकाईने पाहत गेलो, तितकी एक गोष्ट मला पटत गेली. रेफरी मिळून निर्णय घेतात म्हणजे ते चर्चा करून एकमत करतात असे नाही, आणि हात वर करून मतमोजणीही करत नाहीत. त्यांच्यापैकी प्रत्येकाला प्रसंगाचा वेगळा तुकडा दिसलेला असतो. त्यामुळे कोणाला काय दिसले, ते त्याने केव्हा सांगितले आणि नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून सांगितले, या तीन गोष्टींवर निर्णयाचे भवितव्य ठरते. पाहणारे अनेक असले तरी निर्णय शेवटी एकाच्याच तोंडून बाहेर पडतो, आणि या खेळातले बहुतेक गाजलेले वाद दिसलेले आणि सांगितलेले यांच्यामधल्या त्या अरुंद जागेत घडलेले आहेत.

हा खेळ सवयीचा नसलेल्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. १८९५ साली हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलमध्ये उत्तर इंग्लंडमधील क्लबांनी रग्बी फुटबॉल युनियनपासून फारकत घेतली. सामन्यासाठी काम बुडवणाऱ्या खेळाडूंना बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यावी, हे त्यांचे म्हणणे युनियनला मान्य नव्हते. वेगळ्या वाटेने निघालेला हा खेळ नियमांच्या बाबतीतही वेगळा होत गेला. १९०६ साली संघातील खेळाडू १५ वरून १३ झाले आणि ‘प्ले-द-बॉल’ आले. पकडला गेलेला खेळाडू उठून उभा राहतो, चेंडू जमिनीवर ठेवतो आणि पायाने मागच्या सहकाऱ्याकडे सरकवतो. आज चेंडू असलेल्या संघाला सहा टॅकल मिळतात आणि तेवढ्यात गुण झाले नाहीत तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. प्रत्येक टॅकलनंतर बचाव करणाऱ्यांनी दहा मीटर मागे जायचे असते. ऐंशी मिनिटांत हे चक्र शेकडो वेळा फिरते आणि प्रत्येक फेरीत रेफरीला काही ना काही ठरवावेच लागते. न ठरवणे हाही त्याचा निर्णयच असतो.

एकच टॅकल जवळून पाहू. तिघांनी मिळून एकाला खाली आणले आहे. रेफरी त्यांच्यापासून चार-पाच पावलांवर आहे आणि त्याची नजर त्या चार शरीरांच्या गुंत्यावर आहे. चेंडू धरणाऱ्याची कोपरे जमिनीला लागली का, तिसऱ्याचा हात चेंडूवर आहे का, वरचा माणूस उठायला मुद्दाम वेळ लावतो आहे का, हे त्याला पाहायचे आहे. त्याच क्षणी त्याच्या पाठीमागे बचावफळी दहा मीटर मागे गेली की नाही, हेही त्यालाच पाहायचे आहे आणि ते त्याला एकाच वेळी दिसणे शक्य नाही. बाजूरेषेवरच्या टच जजला ती रांग आडवी दिसते. तिच्यातला एक खेळाडू पाऊलभर पुढे असला तर ते त्याच्या डोळ्यांत लगेच भरते. मग तो रेफरीच्या कानात चार शब्द टाकतो: रंग, क्रमांक, काय केले. यापेक्षा लांब वाक्याला वेळ नसतो, कारण तोवर चेंडू पायाखालून मागे गेलेला असतो. टच जज बोलला आणि रेफरीने शिट्टी वाजवली तर निर्णय दोघांचा असतो. टच जज बोलला आणि रेफरीने खेळ चालू ठेवला तरी तो दोघांचाच असतो, फक्त त्यातला एक भाग बाहेर कोणाला कळत नाही.

या कामाला एक माणूस अपुरा आहे, असे वाटून एनआरएलने २००९ साली मैदानावर दोन रेफरी आणले. मुख्य रेफरीच्या जोडीला दुसरा आला आणि त्याला ‘पॉकेट रेफरी’ म्हटले जाऊ लागले. टॅकलभोवतीचा गुंता आणि बचावफळीची रांग यांवर दोन वेगवेगळ्या नजरा ठेवता याव्यात, हा त्यामागचा हेतू होता. कल्पना सरळ होती आणि दिसायला शहाणपणाची होती. अकरा वर्षे ती चालली. २०२० च्या मे महिन्यात साथीमुळे थांबलेली स्पर्धा पुन्हा सुरू झाली, तेव्हा रेफरींच्या संघटनेचा विरोध असतानाही एकच रेफरी ठेवण्यात आला. त्याच वेळी टॅकलच्या जागी होणाऱ्या विलंबासाठी पेनल्टीऐवजी नव्याने सहा टॅकल देण्याचा नियमही आला. खर्च आणि खेळाचा वेग ही दोन्ही कारणे त्या वेळी चर्चेत होती. दोन रेफरी असावेत की एक, या प्रश्नाचे सोपे उत्तर नाही. पण डोळे वाढवले की निर्णय आपोआप सुधारतो, ही समजूत टिकत नाही असे माझे मत आहे, आणि त्याला एक ठळक घटना कारणीभूत आहे.

सप्टेंबर २०१३ मध्ये सिडनीत क्रोनुला शार्क्स आणि नॉर्थ क्वीन्सलंड काउबॉइज यांच्यात बाद फेरीचा सामना झाला. हरणाऱ्याचा हंगाम तिथेच संपणार होता. शार्क्सने तो २०-१८ असा जिंकला आणि त्यांच्या ब्यू रायनचा एक ट्राय (गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवून मिळवलेले गुण) सातव्या टॅकलवर झाला. नियमाप्रमाणे सहाव्यानंतर चेंडू काउबॉइजकडे जायला हवा होता. मैदानावर दोन रेफरी होते, दोन टच जज होते, वर व्हिडिओ रेफरी होता. एक ते सहा मोजायला कोणतीही विशेष दृष्टी लागत नाही, तरीही सगळ्यांच्याच हातून ते निसटले. ही चूक क्षमतेची नव्हे, वाटणीची होती असे मला वाटते. ऑफसाइड, म्हणजे बचावपटू ठरलेल्या अंतराच्या पुढे आहे का, हे कोणी पाहायचे, बाजूरेषा कोणी पाहायची, हे ठरलेले असते, कारण ते ठरावीक जागेवरूनच दिसते. टॅकलची संख्या मात्र कुठूनही मोजता येते, आणि म्हणून दुसरा मोजतच असेल असे प्रत्येकाला वाटू शकते. जे काम सगळ्यांना करता येते त्याचा धनी नेमलेला नसेल, तर ते कोणाचेच राहत नाही. सिडनीतच १९७८ च्या बाद फेरीत मॅन्लीचा पॅरामाटाविरुद्धचा एक ट्रायही असाच सातव्या टॅकलवरचा होता. मधल्या पस्तीस वर्षांत माणसे वाढली आणि यंत्रेही वाढली, तरी तीच मोजणी त्याच प्रकारे चुकली.

दुसरा प्रसंग याच्या उलट आहे. तिथे माहिती होती, ती योग्य माणसाकडे होती, त्याने ती सांगितलीही, आणि तरीही आजवर तो प्रसंग अनेकांच्या मनात सलतो आहे.

६ ऑक्टोबर २०१९. एनआरएलचा अंतिम सामना, सिडनी रूस्टर्स विरुद्ध कॅनबरा रेडर्स. रेडर्सला १९९४ नंतर विजेतेपद मिळालेले नव्हते. गुण ८-८, शेवटची सुमारे दहा मिनिटे. रेडर्सने उंच किक मारली, हवेत झटापट झाली आणि चेंडू पुन्हा रेडर्सच्याच हाती आला. चेंडूला रूस्टर्सच्या खेळाडूचा स्पर्श झाला असेल तर रेडर्सला पुन्हा सहा टॅकल मिळणार होते, आणि तो स्पर्श रेडर्सच्याच माणसाचा असेल तर हा शेवटचा टॅकल होता. रेफरी बेन कमिन्स यांनी हात उंचावून ‘सिक्स अगेन’ची खूण केली. त्याच सुमारास इतर पंचांकडून त्यांना कळले की स्पर्श रेडर्सचा होता, आणि त्यांनी हा शेवटचाच टॅकल असल्याचे ओरडून सांगितले. जॅक वायटनने मात्र वर गेलेला हात पाहिला होता. आपल्याकडे अजून सहा टॅकल आहेत असे समजून त्याने किक मारली नाही आणि तो चेंडूसकट पकडला गेला. चेंडू रूस्टर्सकडे गेला. काही क्षणांनी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जेम्स टेडेस्कोने ट्राय केला आणि सामना १४-८ असा संपला.

शेवटी जो निर्णय कायम राहिला तो बरोबर होता, असे नंतर लीगने स्पष्ट केले आणि स्पर्शाच्या बाबतीत ते खरेही आहे. पंचांच्या संघाने आपले काम केले होते. एकाला जे नीट दिसले नाही ते दुसऱ्याने पाहिले आणि वेळ न दवडता सांगितले. तरीही त्या क्षणी वायटनने काय करायला हवे होते, हा प्रश्न सुटत नाही. ऐंशी हजारांहून अधिक प्रेक्षकांच्या गोंगाटात, अंगावर धावून येणारी बचावफळी समोर असताना, त्याने डोळ्यांनी पाहिलेल्या खुणेवर विश्वास ठेवला. खूण हात वर करून दिली गेली आणि दुरुस्ती मात्र तोंडाने. अटीतटीच्या सामन्यात निर्णय बरोबर असणे आणि तो खेळाडूपर्यंत बरोबर पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पंचांच्या आपापसातल्या संवादात पहिल्या गोष्टीवर सगळा भर पडतो. एकदा जाहीर झालेली खूण मागे घ्यायची असेल तर खेळ थांबवून, शिट्टी वाजवूनच ती मागे घेतली जावी, असे मला आजही ठामपणे वाटते. त्याने खेळाचा प्रवाह तुटेल, हे मान्य आहे. पण ज्या संघाने खुणेवर भरवसा ठेवून कृती केली, त्याला त्याच खुणेची शिक्षा होऊ नये.

व्हिडिओ रेफरीची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे, कारण त्याला दिसते सर्वांत जास्त आणि प्रसंगापासून तो असतो सर्वांत दूर. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो या खेळात आला. सुरुवातीची पद्धत अशी होती की रेफरी हाताने चौकोन काढून प्रकरण वर पाठवायचा आणि वरच्याने ठरवायचे. शंका उरली तर तिचा फायदा आक्रमक संघाला मिळत असे. २०१३ पासून एनआरएलने हे बदलले. आता रेफरीने आधी स्वतःचे मत सांगायचे, ‘माझ्या मते ट्राय आहे’ किंवा ‘माझ्या मते ट्राय नाही’, आणि मगच तपासणी मागायची. ते मत खोडून काढण्याइतका पुरावा दिसला तरच ते बदलायचे, नाही तर तेच कायम. २०१६ मध्ये सिडनीच्या एव्हली भागात ‘बंकर’ उभारला गेला आणि निरनिराळ्या मैदानांवरच्या सामन्यांची तपासणी एकाच ठिकाणाहून होऊ लागली.

क्रिकेट पाहणाऱ्यांना यात ‘सॉफ्ट सिग्नल’ आठवेल. झेल तपासायला देताना मैदानावरचे पंच आधी आपला कौल देत असत. जून २०२३ मध्ये आयसीसीने तो बंद केला. सत्तर यार्डांवरून पंचाला झेल जमिनीला टेकला की नाही हे दिसत नसेल, तर त्याच्या अंदाजाला वजन का द्यायचे, हा त्यामागचा युक्तिवाद होता आणि क्रिकेटपुरता तो योग्यच होता. रग्बी लीगमध्ये तो लागू पडत नाही, असे मला वाटते. गोलरेषेवर चार शरीरे चेंडूवर कोसळतात तेव्हा रेफरी बहुधा तीन पावलांवर असतो. चेंडूवरचा हात, जमिनीचा स्पर्श, खालून सरकलेली मांडी यांपैकी काही ना काही त्याने पाहिलेले असते, आणि कॅमेऱ्याला नेमका तोच कोपरा दिसत नसतो. अशा वेळी त्याने काहीच न बोलता प्रकरण वर ढकलले, तर सर्वांत जवळचा साक्षीदार गप्प राहिला असाच त्याचा अर्थ होतो. आधी आपले मत सांगण्याच्या सक्तीने त्याला बोलते केले आहे.

याहून महत्त्वाचे म्हणजे, या पद्धतीने प्रश्न अरुंद केला. ‘इथे काय झाले ते सांगा’ हा अमर्याद प्रश्न आहे. ‘माझ्या मते ट्राय आहे, चेंडू खाली टेकवताना हातातून सुटला का ते पाहा’ हा नेमका प्रश्न आहे. दुसऱ्याला उत्तर देणारा माणूस एका जागी पाहतो. पहिल्याला उत्तर देणारा माणूस चित्र पुढे-मागे करत राहतो, आणि चित्र पुरेसे संथ केले की प्रत्येक टॅकलमध्ये काही ना काही गैर सापडतेच. संथ गतीत वेगाने घडलेली धडक मुद्दाम केल्यासारखी दिसते. बोट आणि चेंडू यांच्यामधली क्षणभराची फट दरीएवढी वाटते. प्रत्यक्षात तेवढ्या वेळेत खेळाडूला विचार करायलाही अवकाश नसतो. म्हणून तपासणी करताना एकदा तरी खऱ्या गतीत प्रसंग पाहिला जातो तेव्हा मला बरे वाटते, आणि तो फक्त चित्रामागून चित्र सरकवत पाहिला जातो तेव्हा मी अस्वस्थ होतो.

जुलै २०२२ मध्ये टाउन्सव्हिल येथे झालेला काउबॉइज विरुद्ध वेस्ट्स टायगर्स हा सामना या दृष्टीने मला फार बोलका वाटतो. टायगर्स २६-२५ असे पुढे होते आणि घड्याळात एक सेकंद उरला होता. काउबॉइजने आखूड किक-ऑफ मारला, चेंडूसाठी धावाधाव झाली, चेंडू टायगर्सच्या हाती लागला आणि सामना संपल्याची शिट्टी झाली. टायगर्सचे खेळाडू आनंद साजरा करू लागले. काउबॉइजच्या कर्णधाराने मात्र २०२० पासून मिळालेला कॅप्टन्स चॅलेंजचा, म्हणजे निर्णयाची तपासणी मागण्याचा, हक्क वापरला. चेंडूकडे धावणाऱ्या आपल्या खेळाडूला अडवले गेले, असा त्याचा दावा होता. बंकरने तो मान्य करून पेनल्टी दिली, व्हॅलेंटाइन होम्सने गोल मारला आणि काउबॉइज २७-२६ असे जिंकले. ती पेनल्टी द्यायला नको होती, असे पुढच्या काही दिवसांत लीगच्या वतीने सांगण्यात आले. निकाल मात्र तोच राहिला.

या प्रकरणात बंकरमधल्या माणसावर सगळे तुटून पडले. त्याची जबाबदारी मी नाकारत नाही, पण मला त्याच्यापुढे ठेवला गेलेला प्रश्नच सदोष वाटतो. मैदानावरच्या रेफरीने त्या धडकेबद्दल काहीच जाहीर केले नव्हते, कारण त्याच्या नजरेला ती शिट्टी वाजवण्यासारखी वाटली नव्हती. त्याचे ते न वाजवणे हेच त्याचे मत होते. पण ‘माझ्या मते ट्राय आहे’ यासारखे ते कुठे उच्चारले गेले नाही, आणि जे उच्चारले जात नाही त्याला वर बसलेला माणूस वजन देत नाही. म्हणून तो पुन्हा त्या अमर्याद प्रश्नाकडे ओढला गेला: इथे काही गैर दिसते का? संथ चित्रात दोन शरीरे एकमेकांना लागली, आणि दिसले.

उलट बाजूचे उदाहरण २०१७ च्या विश्वचषकातील उपांत्य सामन्याचे आहे. ऑकलंडमध्ये इंग्लंड २०-० असे पुढे असताना शेवटच्या सात-आठ मिनिटांत टोंगाने तीन ट्राय करून २०-१८ अशी स्थिती आणली. अगदी अखेरच्या क्षणी टोंगाचा अँड्र्यू फिफिटा गोलरेषेकडे झेपावला, इंग्लंडच्या एलियट व्हाइटहेडने त्याला मागून गाठले आणि चेंडू सुटला. रेफरी मॅट चेकिन यांनी नॉक-ऑन (हातून चेंडू पुढे सुटल्याचा दोष) दिला आणि व्हिडिओ रेफरीकडे न जाता सामना संपवला. टोंगाच्या चाहत्यांचा संताप समजण्यासारखा होता. इतका मोठा प्रसंग एकट्याने का ठरवावा, असे त्यांना वाटणे स्वाभाविक आहे. मला वाटते की विचारायचे की नाही, हा रेफरीचा सर्वांत अवघड निर्णय असतो आणि तो त्याला कोणाच्याही मदतीशिवाय घ्यावा लागतो. जे स्वतः स्पष्ट पाहिले आहे ते वर पाठवणे म्हणजे आपल्याच डोळ्यांवर अविश्वास दाखवणे. जे फक्त पाहिल्यासारखे वाटले आहे ते न पाठवणे म्हणजे अहंकार. या दोहोंतला फरक त्या माणसाच्या आत असतो आणि बाहेरून कोणत्याही कॅमेऱ्याला तो दिसत नाही. चेकिन यांच्या निर्णयाला मी चूक म्हणत नाही. एवढेच वाटते की मत जाहीर करून एकदा तपासून घेतले असते, तर हरणाऱ्यांना पराभव पचवणे थोडे कमी जड गेले असते.

एका बाबतीत मात्र एनआरएलने तपासणीचे दार पूर्ण बंद ठेवले आहे, ते म्हणजे फॉरवर्ड पास, म्हणजे नियम मोडून पुढच्या दिशेने फेकलेला चेंडू. बंकर त्यावर निर्णय देत नाही आणि कर्णधारालाही त्यासाठी चॅलेंज करता येत नाही. पहिल्यांदा कळले की हे विचित्र वाटते, पण कारण समजले की पटते. सेकंदाला सात मीटर वेगाने धावणाऱ्या खेळाडूने चेंडू स्वतःच्या मागे सेकंदाला तीन मीटर वेगाने फेकला, तरी जमिनीच्या हिशेबाने तो चेंडू सेकंदाला चार मीटर पुढेच जात असतो. अर्ध्या सेकंदात मैदानावरच्या रेषांच्या तुलनेत तो दोन मीटर पुढे पोहोचतो आणि पास तरीही वैध असतो, कारण नियम पाहतो ते चेंडू हातातून कोणत्या दिशेने सुटला ते. तिरक्या कोनातला कॅमेरा यात हमखास फसवतो. त्यामुळे इथे उरतात ती दोनच माणसे, पासच्या आसपास असलेला रेफरी आणि त्या रेषेत धावत आलेला टच जज. पास झाला की रेफरी क्षणभर बाजूरेषेकडे पाहतो. झेंडा खाली असेल, कानात शब्द आला नसेल, तर खेळ चालू राहतो. इतक्या मोठ्या यंत्रणेच्या काळातही सामन्याचा निकाल बदलू शकणारा एक निर्णय असा दोन माणसांच्या नजरानजरेवर सोपवलेला आहे, याचे मला मनापासून अप्रूप वाटते.

सगळे जुळून आल्यावर हे कसे दिसते, ते २७ नोव्हेंबर २०२० च्या सुपर लीगच्या अंतिम सामन्यात पाहायला मिळाले. साथीमुळे हल शहरातील स्टेडियम रिकामे होते. सेंट हेलन्स आणि विगन ४-४ अशा बरोबरीत होते आणि वेळ संपत होती. सेंट हेलन्सच्या टॉमी मॅकिन्सनने दुरून ड्रॉप गोलचा, म्हणजे हातातला चेंडू जमिनीवर टाकून उसळताच खांबांमधून मारण्याचा, प्रयत्न केला. चेंडू खांबाला लागून इन-गोलमध्ये, म्हणजे गोलरेषेपलीकडच्या पट्ट्यात, उसळला, आणि मागून धावत आलेल्या जॅक वेल्स्बीने त्या पट्ट्याच्या शेवटच्या डेड-बॉल रेषेच्या अलीकडे त्यावर हात टेकवला. प्रकरण व्हिडिओ रेफरीकडे गेले. त्याला पाहायच्या गोष्टी मोजक्या आणि नेमक्या होत्या: किक मारली तेव्हा वेल्स्बी चेंडूच्या मागे होता का, हाताने चेंडूवर दाब दिला का, आणि तोवर चेंडू रेषेला लागला होता का. तिन्हींची उत्तरे चित्रात होती. ट्राय मिळाला, सामना ८-४ असा संपला. विगनसाठी तो जिव्हारी लागणारा शेवट होता, पण निर्णय कसा झाला याबद्दल त्यांच्या बाजूनेही विचारण्यासारखे फारसे काही उरले नाही.

हे सगळे पाहताना मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती टच जजची. पंचांच्या नेमणुका आठवड्यागणिक जाहीर होतात आणि त्या नावानिशी होतात. मोठी चूक झाली की पुढच्या आठवड्यात एखादे नाव गळते. निर्णय चौघांनी मिळून घडवलेला असला तरी फटका एकेकट्यालाच बसतो. अशा व्यवस्थेत बाजूरेषेवरच्या माणसाचा हिशेब काय होत असेल, याचा विचार करावा. पाऊलभर पुढे असलेला बचावपटू त्याने पाहिला आहे, पण नव्वद टक्केच खात्री आहे, आणि सामन्यात एक मिनिट उरले आहे. तो बोलला आणि चूक ठरली, तर रात्रभर त्याचाच चेहरा पडद्यावर फिरणार. तो गप्प राहिला, तर त्याने काही पाहिले होते हे कोणाला कळणारही नाही. म्हणजे सर्वांत निर्णायक क्षणी गप्प राहणेच त्याच्या हिताचे ठरते आणि रेफरीच्या कानातला एक आवाज कमी होतो.

म्हणून सामन्यानंतर पंच एकत्र बसून चित्रफिती पाहतात, तेव्हा चुकलेल्या शिट्टीइतकीच न उच्चारलेली माहितीही चर्चेत यावी असे मला वाटते. कोणी काय पाहिले होते आणि ते का सांगितले नाही, हे विचारले जावे. खात्री पूर्ण नसतानाही ‘मला असे दिसले, पण शंभर टक्के नाही’ एवढे स्पष्ट सांगणाऱ्या टच जजचे म्हणणे चुकीचे ठरले, तरी पुढच्या आठवड्याच्या यादीत त्याचे नाव असावे. त्याच्या म्हणण्याला किती वजन द्यायचे हे ठरवायला रेफरी आहे, आणि ते वजन ठरवता यावे म्हणूनच तर त्याच्या हाती शिट्टी दिलेली आहे.